माठ आणि केच

जिच्यावर आपले मन आधीच बसले आहे अशी जुनी वस्तू पाहायला माणसाने एकट्याने जाऊ नये. गेल्या वसंतात कॉर्नवॉलमधल्या फाल्मथ बंदरात एक ३८ फुटी केच विकाऊ आहे असे कळले, तेव्हा मी हिला बरोबर घेतले खरे. पण ते सोबतीसाठी, सल्ल्यासाठी नव्हे!

केच म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट. पुढची काठी उंच, मागची ठेंगणी, आणि तीही सुकाणूच्या दांड्याच्या पुढे. माझ्या वेडाचे मूळ फाल्मथलाच आहे. २२ एप्रिल १९६९ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून याच बंदरात परतला. त्याची ३२ फुटी 'सुहेली' केचच होती, आणि सागवानाची, आपल्या मुंबईत बांधलेली. मी तेव्हा अलिबागला चौथीत होतो. दादांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्या दिवसापासून मी बिघडलो. पुढे इंग्लंडात नोकरीची तीस वर्षे गेली, लोकांच्या बोटींवर दोर ओढून झाले. पण अझोर्स बेटांपर्यंत जाईल अशी स्वतःची बोट राहूनच गेली. आता वय ६६, आणि उजवा गुडघा धातूचा.

ही केच १९७६ सालची, फायबरग्लासची. त्या काळचे कारखानदार या नव्या पदार्थाला थोडे भीतच असत. म्हणून थरावर थर देऊन कवच चांगले जाड करीत. ते कुजत नाही, किडत नाही. पाण्याखालच्या भागावर फोड आले होते. एक फोडला तर आंबूस पाणी निघाले. पण फोडांनी बोट सहसा बुडत नाही. डोलकाठीचे ताण धरणाऱ्या पोलादी पट्ट्या मात्र डेकमधून आरपार जातात तिथेच, नजरेआड, गंजतात. त्या मी बॅटरीच्या उजेडात पाहिल्या, आणि मान डोलावली. खरे सांगायचे तर त्या दिवशी मी सगळ्यालाच मान डोलावीत होतो.

ही मागच्या डोलकाठीपाशी बसली होती. एकदम म्हणाली, "अहो, माठ घेताना आपण काय करतो?"

"वाजवून पाहतो."

"मग ऐका."

पर्समधले दोन पौंडांचे नाणे काढून तिने डेकवर ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण. डोलकाठीच्या बुडाशी आली, आणि आवाज बदलला. बद्द! पुन्हा ठोकले. बद्द!

अशा डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरलेले असते. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपले की ते आतल्या आत भिजून लगदा होते. वरून मात्र डेक चकचकीत. ही डोलकाठी त्या डेकवरच उभी होती. खालचे लाकूड दबले की काठी खचणार, आणि तिचे ताण सैल पडणार. वादळात मोठे शीड उतरवून पुढच्या-मागच्या दोन लहान शिडांवर बोट सांभाळता येते, याचसाठी तर दोघांच्या कुटुंबाने केच घ्यायची!

लाज वाटण्याची गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासापूर्वी तीच जागा मी स्वतः ठोकून पाहिली होती. मला टण ऐकू आले होते.

दलाल म्हणाला, "या वयाच्या बोटींना एवढे असायचेच." खोटे नव्हते ते. २८ हजारांतले चार हजार पौंड कमी करायलाही तो तयार झाला. पण डेक उघडायचा, लाकूड बदलायचे, पुन्हा थर द्यायचे, म्हणजे एक सबंध उन्हाळा. पैशांचा हिशेब मी करू शकलो असतो; आता माझ्यापाशी उन्हाळे किती उरलेत, हा हिशेब मला मांडवेना. मी नाही म्हटले.

परतताना गाडीत मी तासभर बोललो नाही. माझ्या या छंदाला तिने आजवर कधी बरे म्हटले नव्हते. तेव्हा ती मनातून सुखावली असेल, असे मी धरून चाललो होतो. एक्सेटर मागे पडल्यावर ती म्हणाली, "अझोर्सला पोचायला दिवस किती लागतात हो?"

"बारा-पंधरा. वारा देईल तसे."

"मग स्वैपाकाची शेगडी झुलती हवी. हिची एका बाजूने अडकत होती. तुम्ही पाहिलीच नाहीत."

येत्या शनिवारी प्लिमथला आणखी एक केच पाहायला जायचे आहे. नाणे तिने आतापासूनच पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात काढून ठेवले आहे.