किती पुरुष पाणी?

‘फायनल इयरचा प्रोजेक्ट’ म्हटलं की आम्हा सिव्हिलवाल्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. क्यूब! सिमेंटमध्ये काहीतरी मिसळा, क्यूब पाडा, २८ दिवस पाण्यात ठेवा, फोडा, ग्राफ काढा आणि ब्लॅक बुक बांधून मोकळे व्हा. आमचंही तेच ठरलं होतं. पण आमच्या चौघांच्या ग्रुपमधल्या चौककरीणबाईंनी ऐनवेळी खोडा घातला.

(आमच्या ग्रुपमध्ये नावं चालत नाहीत, स्टेशनं चालतात. मी कर्जतकर, मग खोपोलीकर, नेरळकर आणि ही चौककर.)

ती म्हणाली, “आमच्या गावचा तलाव मोजूया.”

कर्जत-चौक रस्त्यापासून आत, सोंडाईच्या बाजूला त्यांचा छोटा तलाव आहे. पावसाळ्यात डोंगराची माती वाहून येते आणि तलाव दरवर्षी थोडा थोडा बुजतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ मध्ये आली. त्यात तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो शेतात टाकायचा. मागे एकदा थोडा गाळ काढून झालाही होता. आता ग्रामपंचायतीला पुन्हा काढायचा होता, पण किती साठलाय आणि कुठे, हे कुणालाच सांगता येईना. खोपोलीकर म्हणाला, “त्यात काय? मोरबे धरण थोडंच आहे! एका रविवारचं काम.”

आम्ही सरांकडे गेलो. नेरळकरने रात्रभर जागून माहिती काढली होती. छोट्या होडीला लावायचं एक यंत्र मिळतं, जीपीएस आणि डेप्थ फाइंडर एकाच डब्यात. आपण कुठे आहोत आणि खाली पाणी किती, दोन्ही एका स्क्रीनवर. डिपार्टमेंटने पंधरा हजार द्यावेत, बाकीचे आम्ही घालू. सर शांतपणे म्हणाले, “आधी दोरीने मोजून या. मग यंत्राचं बोला.”

आम्हाला राग आला. पण सर ते सर!

तलावावर मासे धरणारे एक आजोबा आहेत, शेजारच्या ठाकूरवाडीतले. त्यांची एक जुनी फायबरची होडी आहे, दोन वल्ह्यांची. पंचायतीची परवानगी काढली, लाइफ जॅकेटं मिळवली आणि जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पाण्यात उतरलो. एकजण दगड बांधलेली दोरी सोडणार, दुसरा मोबाइलवर जागा बघणार, तिसरा वहीत लिहिणार. आजोबा वल्हवणार आणि चौककर बांधावरून आम्हाला ओरडणार.

आजोबांना विचारलं, “इथे पाणी किती असेल?”

ते म्हणाले, “दीड परूस.”

परूस म्हणजे? आजोबा होडीतच उभे राहिले आणि हात वर केला. उभ्या माणसाच्या पावलापासून वर केलेल्या बोटांपर्यंत एक परूस. पुस्तकातला ‘पुरुष’ तो हाच. विहिरीची खोली घरातली म्हातारी माणसं अशीच सांगतात, ते मला तेव्हा आठवलं. मग बांधावर आल्यावर खोपोलीकरला हात वर करून उभा केला आणि टेप लावली. २.१ मीटर! आमची दोरी तिथे ३ मीटर दाखवत होती. म्हणजे आजोबांचा अंदाज पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आत. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

दिवसभरात ४६ ठिकाणं मोजली. रात्री कॉम्प्युटरवर ठिपके टाकले तर अकरा ठिपके बांधावर आणि दोन चक्क देवळात! झालं असं होतं की दोरी तळाला टेकेपर्यंत होडी वाऱ्याने सरकायची. जागा वाचली तेव्हा आम्ही एकीकडे, खोली वाचली तेव्हा दुसरीकडे. वहीतल्या ओळी खालीवर झाल्या ते वेगळंच. तेव्हा कळलं की सरांनी दोरी का सांगितली. खोली कळली पण ती कुठली ते कळलं नाही, तर तो आकडा काय लोणच्यात घालायचा? दोन्ही गोष्टी एकाच क्षणी, एकाच ओळीत नोंदल्या गेल्या पाहिजेत. एकत्र यंत्र हवं ते एवढ्यासाठी!

आणि आणखी एक गोष्ट घडली. तलावाच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे होडी वळवा म्हटलं, तर आजोबांनी वल्ही थांबवली. “त्या अंगाला नाय जायाचं.” का, ते सांगेनात.

बांधावर आल्यावर चौककरला विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की, मागे गाळ काढला तेव्हा मशीनवाल्यांनी त्या कोपऱ्यात एकाच जागी खोल खणलं. मे महिन्यात पाणी तिथे कमरेएवढं असतं. पोरं डुंबायला उतरतात. दोन वर्षांपूर्वी वाडीतला नववीतला मुलगा चालत चालत गेला आणि एका पावलात दिसेनासा झाला. तो तिच्या धाकट्या भावाच्या वर्गात होता. आजोबांनीच त्याला बाहेर काढलं.

आमच्याकडे कर्जत-खालापुरात दर पावसाळ्यात धरणांवर, धबधब्यांवर बंदीचे बोर्ड लागतात आणि आपण ते वाचून पुढे जातो. पण त्या दिवशी बोर्डाशिवायचं पाणी बघून माझ्या पोटात गोळा आला. हिने हा प्रोजेक्ट का सुचवला तेही कळलं.

पुढच्या शनिवारी मी आणि नेरळकर कर्जतहून लोकल पकडून, सॅण्डहर्स्ट रोडला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरलो. भाऊच्या धक्क्याच्या बाजूला बोटींचं सामान विकणारी दुकानं आहेत. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, “किती वाव पाण्यात जाणार?” समुद्रावर वाव, तलावावर परूस! नेरळकर म्हणाला, “सात मीटरच्या आत.” दुकानदार हसला. “मग यंत्र कशाला? बांबू घ्या.”

पण माणूस चांगला होता. त्याने दोन यंत्रं समोर ठेवली. पहिलं सात इंची रंगीत स्क्रीनचं, ट्रॉलरवरून उतरवलेलं सेकंडहँड. सोबत समुद्राचे नकाशे. बघताक्षणी प्रेमात पडावं असं! दुसरं नवीन, चार इंची, अगदीच मोबाइलएवढं. किंमत दोघांची जवळजवळ सारखी, आमच्या बजेटला टेकलेली. नेरळकरचा जीव सात इंचात अडकला. मग आम्ही धक्क्यावर बसून वडापाव खाल्ले आणि वहीत दोन कॉलम पाडले.

नकाशे? समुद्राचा नकाशा आमच्या तलावावर कोरा. त्याच्या मते आम्ही जमिनीवर वल्हवत असणार.

जागा? यात दोन्ही सारखीच. २ मे २००० च्या आधी साध्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ते बंद झालं. आता उघड्या आकाशाखाली चूक तीन ते पाच मीटर. आपली ‘गगन’ यंत्रणा पकडणारा रिसीव्हर असेल तर आणखी थोडी मदत.

नोंद? मोठं यंत्र फक्त दाखवतं. बघा आणि वहीत लिहा, म्हणजे पुन्हा देऊळ! छोटं यंत्र जागा आणि खोली एकत्र मेमरी कार्डवर उतरवतं.

बॅटरी? आमच्या होडीला इंजिन नाही. छोटं यंत्र १२ व्होल्टच्या यूपीएसच्या बॅटरीवर दिवसभर चालेल. मोठं तेवढं टिकणार नव्हतं.

आणि शेवटचा प्रश्न, आवाजाचा शंकू. हे मात्र नीट समजून घ्या. डेप्थ फाइंडर पाण्यात आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून खोली निघते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ६ मीटर खोलीचा निरोप ८ मिलिसेकंदांत हातात! पण हा आवाज सरळ रेषेत जात नाही, टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो. मोठ्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर कमी फ्रिक्वेन्सीचा होता, शंकू ६० अंशांचा. छोट्याचा २०० किलोहर्ट्झचा, शंकू २० अंशांचा. ३ मीटर खोलीवर ६० अंशांचा झोत जवळजवळ साडेतीन मीटर रुंद पडतो, २० अंशांचा फक्त एक मीटर. आणि यंत्र सहसा सगळ्यात आधी आलेला प्रतिध्वनी धरतं. म्हणजे झोतात खड्डाही आला आणि त्याची कडाही आली, तर आधी कडा ऐकू येते. यंत्र सांगतं, “३ मीटर.” खड्डा गायब!

मी हे वहीत काढून नेरळकरला दाखवलं. तीन मीटर रुंदीचा खड्डा, वर होडी, खाली रुंद शंकू. त्याने चित्राकडे बघितलं, वडापावचा कागद चुरगाळला आणि म्हणाला, “चल, छोटं घेऊ.”

विकत घेणं सोपं होतं, विश्वास ठेवणं अवघड. यंत्रात ‘खारं पाणी’ सेटिंग राहिलं होतं. गोड्या पाण्यात आवाज थोडा हळू जातो, त्यामुळे खोली सुमारे दोन टक्के जास्त दिसते. ते बदललं. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २० सेंटीमीटर होता, ते मिळवले. मग मोजलेल्या दोरीला लोखंडी ताट बांधून त्याखाली २ मीटरवर, ४ मीटरवर सोडलं आणि यंत्र तेच सांगतंय ना ते तपासलं. बांधावरच्या खुणेपासून डम्पी लेव्हलने पाण्याची पातळी रोज घेतली, कारण पाणी रोज उतरतं आणि खोली त्या पाण्यापासूनच मोजली जाते. काठाजवळ अर्ध्या मीटरच्या आत यंत्र गोंधळतं, तिथे दुकानदाराचा बांबूच कामाला आला!

तीन रविवारांत सगळा तलाव झाला. दहा-दहा मीटरवर रेघा मारल्यासारखी होडी फिरवली. नकाशा छान निघाला. कंटूर अगदी पुस्तकातल्यासारखे. पण पूर्वेचा कोपरा सपाट! खड्ड्याचा पत्ताच नाही. कारण सोपं होतं. आमच्या दोन रेघांमध्ये दहा मीटर आणि खड्डा तीन मीटरचा. तो मधेच कुठेतरी सुटला होता.

शेवटी चौककर आजोबांकडे गेली. काय बोलली माहीत नाही. चौथ्या रविवारी ते न बोलता होडीत बसले आणि थेट त्या कोपऱ्यात घेऊन गेले. एका बाजूला इर्शाळचा सुळका देवळाच्या कळसावर आणला, दुसऱ्या बाजूला सांडव्याची भिंत एका आंब्याच्या रेषेत आणली. वल्ही थांबवली. “हितं.”

स्क्रीनवर ३.० होते. मग ३.१. आणि एकदम ६.४.

होडीत कुणी बोललं नाही. आजोबांनी विचारलं, “दिसतं का तुमच्या टीव्हीत?” मी म्हटलं, “दिसतं. तीन परूस.” ते म्हणाले, “तीनच हाय. मी गेलतो ना खाली.”

काठापासून काठापर्यंत दोरी ताणून त्या जागी दोन-दोन मीटरवर पुन्हा मोजलं. पण नकाशावर ठिपका टाकताना अडलो. जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर आणि खड्डाच तीन मीटरचा! ठिपक्यावर विश्वास ठेवून कुणी त्याच्या बाजूला पाय टाकला तर? म्हणून नकाशावर ठिपका न देता दहा मीटरचं लाल वर्तुळ दिलं. आणि तिथल्या तिथे एक प्लॅस्टिकचा कॅन लाल रंगवून, दगड बांधून सोडला. दोरी आजोबांनी बांधली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती आवळायची, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

गाळ किती भरला तो आकडा ब्लॅक बुकात आहे, ग्रामपंचायतीलाही दिलाय. खड्ड्याच्या कडा उतरत्या करून घ्या, हे त्यात पहिल्या पानावर लिहिलंय. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, “एवढ्या बजेटात यापेक्षा मोठ्या स्क्रीनचं मिळालं नसतं का?” नेरळकरने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यात आधी उत्तर दिलं, “मिळत होतं सर. पण त्यात खड्डा दिसला नसता.”

आणि खरं सांगू? आमच्यातही आपण होऊन दिसला नव्हता. यंत्र, तुम्ही जिथे न्याल तिथलं खरं सांगतं. कुठे न्यायचं ते तलावावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारावं लागतं. तुम्ही कुठलंही यंत्र निवडायला निघालात, तर स्क्रीनचे इंच मोजण्याआधी एवढंच बघा की आपल्याला नेमकं काय चुकवून चालणार नाही. बाकीचा कॉलम आपोआप भरतो.

मे महिन्यात चौककरने फोटो पाठवला. पाणी बरंच उतरलंय. पोरं काठाला डुंबतायत. लाल कॅन लांब तरंगतोय आणि त्याची दोरी कुणीतरी आवळलेली आहे.