जपमाळ आणि तर्पण

करंज्याचें आमचें घर द्रोणागिरीच्या पायथ्याशीं, बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर होतें. ओसरीवर बसलें कीं पुढें कोळ्यांच्या होड्या आणि खाडीपलीकडे रेवसचा किनारा दिसे. वडील शाळामास्तर होते. ते गेल्यावर थोरल्या काकांनीं सारा संसार सांभाळला. आमच्या भिंतीला लागूनच एका कॅथॉलिक विधवेचें घर होतें. त्या मूळच्या वसईकडील. त्यांचे यजमान मिठागरावर कारकून होते. आम्ही मुलें त्यांना मावशी म्हणत असूं, आणि त्या माझ्या आईला वहिनी म्हणत.

तिन्हीसांजेला आमच्याकडे देवापुढें दिवा लागे, आणि त्याच वेळीं पलीकडून मावशींच्या जपमाळेचा संथ, एकसुरी स्वर ऐकूं येई. एवढ्याशा वयांत मला त्याचें मोठें कुतूहल वाटे. आमच्या माळेंत एकशें आठ मणी. त्यांच्या माळेंत दहा-दहा मण्यांचे पांच गट, आणि मधून मधून एकेक सुटा मणी. सुट्या मण्यावर आकाशांतील पित्याची प्रार्थना, आणि दहा मण्यांवर मरियेला वंदन. पण नुसतें पुटपुटणें म्हणजे तो जप नव्हे. प्रत्येक गटाबरोबर येशूच्या चरित्रांतील एक प्रसंग मनापुढें आणावयाचा असतो : देवदूतानें आणलेली वार्ता, गोठ्यांतील जन्म, क्रूस वाहून नेणें, पुनरुत्थान. तोंड जपांत गुंतवावें आणि चित्त चिंतनाला मोकळें करावें, अशी ही योजना आहे. पूर्वीं असे पंधरा प्रसंग असत. त्यांचे दीडशें जप बायबलांतील दीडशें स्तोत्रांच्या जागीं निरक्षरांनीं म्हणावे, असा संकेत होता. २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांत आणखी पांच प्रसंगांची भर घातली.

एकदां मीं धीटपणानें विचारलें, "मावशी, तुम्ही मरियेला देवी मानतां का हो?"

"नाहीं रे बाळा," त्या म्हणाल्या, "पूजा एका देवाचीच. पण आईचा शब्द मुलगा मोडीत नाहीं, म्हणून आम्ही तिला सांगतों, आमच्यासाठीं एक शब्द टाक."

पुढें ग्रंथ वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं त्यांच्या धर्मशास्त्राचें म्हणणेंही हेंच आहे. आराधना ईश्वराची, संतांचा केवळ आदर, आणि त्यांच्यापाशीं मागावयाचें तें मध्यस्थी म्हणून.

थोरल्या काकांना मात्र हा शेजार फारसा रुचत नसे. "डोंगरावरचे फिरंग्यांच्या देवळाचे अवशेष पाहा," असें ते म्हणत. करंजें बेट पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें आणि वसईच्या मोहिमेंत तें मराठ्यांनीं घेतलें, हा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडल्यास, चाललेलें इन्क्विझिशन आणि पाडलेलीं मंदिरें यांविषयीं ते बोलूं लागले म्हणजे त्यांचा स्वर कांपे. काकांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण त्याच गोव्यांत १५७९ सालीं आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचलें. १६१६ सालीं तें छापलें गेलें, आणि स्वर्गासाठीं वैकुंठ हा आपलाच शब्द त्यानें त्यांत योजिला. एकाच काळाचीं हीं दोन्ही रूपें खरीं आहेत, आणि मावशी त्यांपैकीं कोणत्याच अपराधाच्या धनी नव्हत्या.

आई शेवटच्या आजारांत अंथरुणाला खिळली तेव्हां मावशी रोज सायंकाळीं तिच्या उशाशीं बसूं लागल्या. ओठ हालत, माळेचे मणी सरकत. आई डोळे मिटून पडून राही. एके दिवशीं काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्या घरांत हें नको. तूं सांग त्यांना." मीं सांगितलें. मावशी कांहींच बोलल्या नाहींत. त्या उठल्या आणि त्या दिवसापासून आपल्या ओटीवर, आमच्या भिंतीला पाठ लावून जप करूं लागल्या. आईनें दोनदां विचारलें, "मावशी कां आल्या नाहींत रे?" दोन्ही वेळां मीं कांहींतरी सबब सांगितली. त्या जपाच्या प्रत्येक आवर्तनांत आपल्या मरणसमयीं प्रार्थना करण्याची विनंती असते, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. आई चौथ्या दिवशीं गेली.

त्या वर्षीं दोन नोव्हेंबरला मावशींनीं मला हांक मारली. तो त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. मृत आत्मा शुद्धिस्थानांत असेल तर त्याला स्वतःसाठीं कांहीं करतां येत नाहीं. जिवंतांची प्रार्थना आणि मिस्सा हाच त्याचा आधार, अशी त्यांची श्रद्धा आहे. "बाळा," त्या म्हणाल्या, "आज प्रार्थनेंत वहिनींचें नांव घ्यावें असें मनांत आहे. घेऊं का? तुम्हां लोकांना चालत नसेल तर नाहीं घेणार."

जिला मीं घराबाहेर काढलें तीच माझी परवानगी मागत होती. मला उत्तर सुचेना. त्यांच्या मतें जन्म एकदांच. आमच्या मतें जीव पुनःपुन्हां येतो. त्यांच्याकडे ईश्वरी कृपा, आमच्याकडे कर्म. हे भेद कोणत्याही गोड शब्दांनीं बुजत नाहींत. परंतु मेलेल्या माणसाविषयीं आपलें कर्तव्य मरणानें संपत नाहीं, एवढें दोघांनाही मान्य आहे. मीं म्हटलें, "घ्या, मावशी." आणि त्यांच्या पायां पडलों.

कांहीं वर्षांनीं मावशीही गेल्या. सर्वपित्रीच्या दिवशीं मी तर्पणाला बसलों होतों. काका मंत्र सांगत होते. पितृकुल झालें, मातृकुल झालें, गुरु झाले. आप्तांचें स्थान आलें तेव्हां मी थबकलों आणि मावशींचें नांव घेतलें. काकांनीं माझ्याकडे पाहिलें. पळीतलें पाणी तसेंच राहिलें. मग ते खालीं पाहून म्हणाले, "गोत्र ठाऊक नसेल तेथें काश्यप म्हणतात. म्हण, काश्यपगोत्रा."