माळेतली गाठ

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंच्या लेकीला अंगणवाडीतून पोषण आहाराचं पाकीट मिळतं. परवा त्यांनी त्यातलं पीठ माझ्याच गॅसवर परतलं, वर गूळ किसून घातला. मी बाहेर विजेचं बिल भरत बसले होते. भाजक्या सोयाबीनचा तो किंचित खवट वास आला आणि बिल राहिलं बाजूला. सुकडी! दुष्काळी कामांवर मिळायची तीच.

मिलोची भाकरी थापताना चिरते, एवढं म्हटलं तरी माझ्या वयाच्या माणसाला पुरे. आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं, एरवी शाळूसाठी नावाजलेलं. त्या गावानं बहात्तरच्या दुष्काळात ही मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी खाल्ली. आई आणि आजी खडी फोडायला जायच्या, आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं त्यांच्या मागं. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मी खूप नंतर वाचलं. मला त्यातली दोनच आठवतात.

आजी माळकरी. एका संध्याकाळी हातोडा उचलताना तिचा पदर माळेत अडकला आणि मणी खडीत सांडले. मुकादम ढीग मोजत होता, बाया घराकडे निघाल्या होत्या, आणि आजी गुडघ्यावर बसून दगडांच्या कपऱ्यांतून मणी वेचत होती. बोटं आधीच फुटलेली, त्यामुळे काही मणी लाल झाले होते. माळकरी माणूस माळ तुटली की ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाला शिवत नाही. घरी येऊन तिनं लुगड्याच्या काठाचा दोरा उसवला, त्याला थुंकी लावून पीळ दिला आणि कंदिलाशी ओवत बसली. भाकरी टोपल्यात वाळत होती. शेवटी एक मणी कमी भरला.

"आत्याबाई, येका मण्यानं काय हुतंय? जेवा आता," आई म्हणाली.

आजीनं मण्याच्या जागी दोऱ्याला चांगली ठसठशीत गाठ मारली, भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीकडं बघितलं आणि म्हणाली, "हितं गाठ मारलीया. ध्यानात ठेव. माझा येक मणी तुझ्याकडं हाय." मग माळ घातली आणि जेवली.

पुढं मी बँकेत लागले. निम्मी नोकरी कर्ज विभागात गेली. उधारी कुणाकडे राहू द्यायची आणि कुणाकडे नाही, हे तिथं रोज ठरवावं लागतं, आणि दरवेळी मला ती गाठ आठवायची. लबाड माणसाकडे कुणी येणं ठेवत नाही. आजीनं ते खातं कधी निर्लेखित केलं नाही. पुढच्या साली पाऊस झाला, शाळू खांद्याएवढा आला, पहिली कणसं तसबिरीपुढं ठेवताना तिनं हात जोडले आणि लगेच म्हणाली, "ह्ये ब्येस केलंस. पर मणी ऱ्हायलाय." चांगल्या दिवसांत देवाशी गोड बोलायचं आणि वाईट दिवसांत गप्प राहायचं, ही रीत तिला ठाऊकच नव्हती. दोन्ही वेळेला ती सारखीच बोलायची, घरातल्या कर्त्या पोराशी बोलावं तशी.

देवाच्या हिशेबाची सगळ्यात मोठी गोष्ट आमच्याच मंगळवेढ्याची. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. बेदरहून बोलावणं आलं, तेव्हा विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन दरबारात पैसे भरले आणि चक्क पावती घेतली. ती पावती पंतांना पोथीत सापडली, म्हणतात. आज आमच्याकडे दामाजींचं देऊळ आहे, त्यांच्या नावाचा साखर कारखानाही आहे. लहानपणी ही गोष्ट मला अतोनात आवडायची.

मग शाळेत महार समाजातले संत चोखोबा कळले. तेही मंगळवेढ्याचेच, दामाजींच्या कितीतरी आधीचे. 1338 साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. त्यांच्यासोबत वेठीला नेलेली इतर माणसंही. नामदेव आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन गेले, अशी कथा आहे. मी आजीला विचारलं, दामाजीसाठी हा महार होऊन बेदरपर्यंत धावला, मग खऱ्या महारावर भिंत पडली तेव्हा कुठं होता? मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. ती शेंगा फोडत होती. हात थांबला नाही. "मला कशाला इचारतीस? त्येला इचार. मी बी इचारलंय."

"मग काय म्हणाला?"

"अजून न्हाई बोलला."

दुष्काळी कामावर एकदा एक बुवा आले होते. कीर्तनात म्हणाले, पाप वाढलं म्हणून पाऊस गेला. आजी मधूनच उठली, मला बखोटीला धरलं आणि जाता जाता मोठ्यानं म्हणाली, "मग सावकाराची कणगी भरल्याली कशी?" लोकांच्या दुःखाचा देवाच्या वतीनं खुलासा करणाऱ्यांवर माझा राग तेव्हापासूनचा. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत माझे यजमान गेले. रुग्णालयात खाट मिळेपर्यंत उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी एका नातेवाइकाचा फोन: "देवाची इच्छा, वहिनी. तो जे करतो ते बऱ्यासाठीच." मी त्यांचा फोन अजून उचलत नाही. उचलणारही नाही. देवाला बोलायला मी आहे, देवाच्या बाजूनं मला बोलायला त्यांना कुणी नेमलं?

त्याच्या आदल्या आषाढीला साथीमुळे माउलींच्या पादुका पायी न जाता एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. ते आम्ही दोघांनी मिळून टीव्हीवर पाहिलं होतं. हे हसून म्हणाले होते, माउलींनाही शेवटी लालपरीच.

आजीची माळ तिच्याबरोबर चितेवर गेली, गाठीसकट. मी माळ घेतली नाही, मला तेवढं पाळणं जमणार नाही. पण साथ ओसरल्यावर पंढरपूरला मात्र गेले. नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी, मग रांग. काय बोलायचं ते बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. यांचं नाव घ्यायचं, तारीख सांगायची आणि कारण विचारायचं.

माझ्यापुढं बार्शीकडची एक बाई होती, कमरेला पिशवी, पायात चिखल. तिनं विठोबाच्या पायांवर डोकं टेकलं ते उचलेचना. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. कांदा दोनदा लावला, दोनदा सडला. थोरल्यानं ट्रॅक्टरचा हप्ता चुकवलाय. धाकटीचं जमतंय, तेवढं बरं केलंस, पण सोनं कुठनं आणू ते सांग.

"मावशी, चला पुढं," सेवेकरी तिच्या पाठीला हात लावत म्हणाला.

"थांब रं," ती डोकं न उचलता म्हणाली, "सोयाबीनचं सांगायचं ऱ्हायलंय."