अक्षरी रुपये

आमच्या यवतमाळात नव्या माणसाची ओळख करून घेताना तीन प्रश्न विचारायची पद्धत आहे. गाव कोणतं, वावर किती आणि साईड कोणती? पहिल्या दोन उत्तरांत पुढेमागे बदल होऊ शकतो. गाव सुटतं, वावर विकलं जातं. साईड मात्र दहावीनंतर एकदा चिकटली की माणसाला थेट स्मशानापर्यंत सोबत करते. मी कॉमर्स साईडचा. माझा धाकटा भाऊ सायन्स साईडचा. आज त्याचं कापडाचं दुकान आहे आणि गेल्या वीस वर्षांत त्याने परीक्षानळी पाहिलेली नाही, पण आई अजून पाहुण्यांना सांगते, "लहाना सायन्सचा हाय जी. मोठा आपला कॉमर्स." त्या 'आपला'मध्ये जे काही भरलेलं आहे ते मी पंचवीस वर्षं सोसतो आहे.

पण कॉमर्सवाल्याला एक दिलासा असतो. त्याच्या खालच्या पायरीवर आर्ट्सवाला बसलेला असतो. आमच्या घराण्यात तोही नव्हता. "आमच्याकडं कोनाले शुगर नाही, दमा नाही, आर्ट नाही," असं आई सोयरिकीच्या बैठकीत सांगत असे. (आमच्या सौ. बी.ए. आहेत. पण सुना घराण्यात धरत नाहीत.)

तर अशा निष्कलंक घराण्यात दोन वर्षांपूर्वी आमच्या कन्यारत्नाला दहावीला 88 टक्के मिळाले. पेढे वाटून झाले. पेढ्यांचा रिकामा पुडा घडी करता करता ती म्हणाली, "बाबा, मी आर्ट्सला जाणार आहे."

स्वयंपाकघरातून झारा पडल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "काऊन वं बाई, इतके मार्क भेटले अन् आर्टले? मार्क वाया नाही जात काय?" आईच्या हिशेबाने मार्क दुधासारखे असतात, वेळेत वापरले नाहीत तर नासतात. सौ. काहीच बोलल्या नाहीत, आणि हे मला फार वाईट लक्षण वाटलं. मी घरातला कर्ता पुरुष असल्यामुळे निर्णय पुढे ढकलला.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आर्ट्सवाल्यांविषयी आपल्याला काय काय माहीत आहे ते आठवून पाहिलं. बरंच निघालं. आर्ट्सवाला वर्गात बसत नाही. तो गाईडवर पास होतो. तो कविता करतो. त्याला हिशेब येत नाही. आर्ट्सची मुलगी लग्न जमेपर्यंत शिकते आणि आर्ट्सचा मुलगा लग्न जमू नये इतपत शिकतो. ही सगळी माहिती मी 1999 ते 2002 या काळात कॉलेजात गोळा केली होती, आणि ती पुरवणारे झाडून सगळे कॉमर्सचे होते.

कॉलेजात तिन्ही साईडी एकाच आवारात. सायन्सवाले जर्नल छातीशी धरून, आता कुणाचं तरी ऑपरेशन करायचं आहे अशा घाईने चालत. आम्ही शर्टाच्या खिशात कॅल्क्युलेटर ठेवून चालत असू. आर्ट्सवाले चालत नसत, ते लिंबाच्या झाडाखाली असत. त्यांच्याकडे एकच वही, तीही मागच्या खिशात दुमडलेली. त्या एका वहीत इतिहास, राज्यशास्त्र, मराठी आणि एसटीचं वेळापत्रक.

असा एक आर्ट्सवाला आमच्याच वाड्यात खोली करून राहत होता, घाटंजीकडच्या खेड्यातला. दसरा झाला की हा जो गडप व्हायचा तो नाताळात उगवायचा. 'वर्गात बसत नाही' या कलमाखाली तो माझा मुख्य साक्षीदार. एकदा मी त्याला म्हटलं, "मजा हाय बे तुमची." त्याने नुसता हात पुढे केला. बोटांवर ओरखडेच ओरखडे. कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. घरचा कापूस वेचून झाला की हा दुसऱ्याच्या वावरात किलोवर वेचायला जायचा. त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोट्ट्यांची हजेरी त्या दिवसांत वावरातच लागत होती. सायन्सला प्रॅक्टिकल बुडवून चालत नाही. आर्ट्सचा अभ्यास रात्री कंदिलाशी गाईड घेऊन होतो. म्हणजे वर्गात न बसणं आणि गाईडवर पास होणं हे दोन आरोप नव्हतेच. तो एकच कापूस होता.

हे मला तेव्हा कळलं असं समजू नका. तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, की अरे वा, पैसे पण मिळतात का? आज तो महसूल खात्यात मंडळ अधिकारी आहे. वडिलांच्या वावराचा फेरफार करायचा होता तेव्हा मी त्याच्यासमोर हात बांधून उभा होतो. त्याने मला खुर्ची दिली. मी त्याला त्या काळी काय दिलं होतं ते आठवून मी खुर्चीच्या काठावरच बसलो.

कवितेचा आरोप मात्र साफ खोटा. यवतमाळला साहित्य संमेलन दोनदा भरलं. 1973 मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. जानेवारी 2019 मध्ये अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, तेव्हा मात्र मी होतो, आणि आमच्या शाखेतल्या दोघांनी कविकट्ट्यासाठी कविता पाठवल्या होत्या. एक बी.एस्सी. ॲग्री, दुसरा मेकॅनिकल इंजिनियर. शाखेत आर्ट्सच्या म्हणाल तर एकट्या शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम. एम.ए., मराठी. त्यांना विचारलं, "तुम्ही नाही पाठवली?" तर म्हणाल्या, "सर, मला परीक्षेला कविता होत्या. माझी शिक्षा भोगून झाली."

राहिला हिशेब. त्याच्याकडे येतोच. आधी घरातलं सांगतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना कन्येने तोफखाना बाहेर काढला. "बाबा, तुमच्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास इतिहासाचे एम.ए. होते." हे खरं होतं. डिसेंबर 2018 मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा आमच्या शाखेत चहाच्या वेळी बरेच विनोद झाले होते. आता व्याजदर पानिपतापासून मोजणार, वगैरे. विनोद करणाऱ्यांत मी आघाडीवर होतो. पुढे सहा वर्षं ते गव्हर्नर राहिले आणि त्यांच्या सहीच्या नोटा मी रोज मोजल्या. इतिहासामुळे एकही नोट कमी भरली नाही.

"आणि पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. त्यांनी मेघदूत मराठीत आणलं."

मी तिथल्या तिथे मोबाईलवर तपासलं. "केंब्रिजला सायन्स शिकले ते. वनस्पतिशास्त्र."

"बघ," आई म्हणाली.

"पण मॅट्रिकला शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली ती संस्कृतची. आणि बाबा, 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना अर्थशास्त्र कोण शिकवत होतं? डॉ. आंबेडकर. ते बी.ए.च होते."

"नुसते बी.ए. नव्हते. पुढे बरंच काही केलं त्यांनी."

"मग मीही पुढे बरंच काही करीन."

यावर मी पाणी प्यालो. मोठ्या माणसांच्या पदव्या काढून वाद जिंकता येतो, पण त्याने पोट शांत होत नाही. ही मंडळी डी.फार्म. करून बसली असती तरी मोठीच झाली असती. मी काउंटरवर बसतो, आणि मला दिसतात ती आमच्या गावाची पोरं. 2015 पासून मुद्रा कर्जाचे अर्ज येतात, त्यात 'शिक्षण' असा एक रकाना असतो. त्यात बी.ए. वाचलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. पोरगा हुशार, बोलायला नीट, दहा वर्षं फॉर्म भरून झालेले, आता झेरॉक्सचं मशीन घ्यायचं आहे. खरं सांगायचं तर त्या रकान्यात बी.कॉम.ही असतं, आणि अलीकडे बी.ई.ही असतं. एका बी.ई. झालेल्या मुलाला रसवंती टाकायची होती. त्याने उसाच्या चरकाची आकृती मात्र फार सुंदर काढून आणली होती. पण बापाच्या डोळ्याला आपल्या पोरीच्या साईडचाच रकाना ठळक दिसतो.

त्याच आठवड्यात माझी कॅश शॉर्ट आली.

जूनचे दिवस. खरिपाची धावपळ, बियाण्यासाठी पैसे काढायला दारापर्यंत रांग. संध्याकाळी कॅश मोजली तर 2,700 रुपये कमी. आमच्या धंद्यातला न्याय असा, की जास्त आले तर बँकेकडे जमा आणि कमी आले तर कॅशियरच्या खिशातून वजा. मी घाबरलो नाही. बी.कॉम.ला शिकलेलं असं एकदाच तर कामाला येतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "2,700 ला नऊने भाग जातो. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत. 63 चे 36, 52 चे 25, असं काहीतरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी स्लिपा आणि स्क्रीनवरची यादी घेऊन एकेका आकड्याला पेन्सिलीने टिक करत सुटलो. एकदा केलं. दोनदा केलं. तिसऱ्यांदा केलं. सगळं टिक होत होतं आणि 2,700 काही सापडत नव्हते.

साडेसात वाजले. मॅडमची कॅश केव्हाच जुळली होती. पर्स खांद्याला लावून त्या निघाल्या होत्या, पण माझं तोंड पाहून थांबल्या.

"सर, तुम्ही स्क्रीन वाचा, मी स्लिपा वाचते."

"आकडे तीनदा पाहिले मॅडम."

"मी आकडे कुठे वाचणार आहे? मी अक्षरी वाचते."

आणि त्या वाचू लागल्या. अक्षरी रुपये दोन हजार फक्त. अक्षरी रुपये पंधराशे फक्त. एम.ए.ला काय वाचलं असेल ते असो, पण त्या सुरात त्या चाळीसेक स्लिपा वाचत गेल्या आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून 'हो, हो' करत गेलो. मग त्या म्हणाल्या, "सहा हजार तीनशे फक्त," आणि माझं बोट 3,600 वर होतं.

स्लिपेवर आकड्यातही 6,300 असंच स्वच्छ लिहिलं होतं. तीनही वेळा मला सहा दिसला होता, तीन दिसला होता, दोन्ही शून्यं दिसली होती. मंडळी सगळी हजर होती. कोण कुठे उभं आहे ते मी पाहिलंच नव्हतं. म्हातारबाबांना दिले बरोबर 6,300 आणि मशीनमध्ये टाकले 3,600. साहेबांनी ती नोंद रद्द करून नवी केली. खात्यात तेवढी शिल्लक होती म्हणून बरं, नाहीतर मला उजाडताच म्हातारबाबांच्या वावरात जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि तोवर पैशाचं सरकीचं बी होऊन बसलं असतं.

मॅडमची बस सुटली होती. त्यांना स्कूटरवरून सोडताना मला एकदम आठवलं ते बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचं व्यापारी कायद्याचं पुस्तक. 1881 चा कायदा, कलम 18. चेकवर आकड्यातली रक्कम आणि अक्षरातली रक्कम वेगळी पडली तर अक्षरातली धरायची. पैसे काढायची स्लिप म्हणजे काही चेक नव्हे, आणि प्रत्यक्षात असा चेक आला तर आम्ही वाद नको म्हणून तो परतच पाठवतो. पण कायद्याचं म्हणणं तसं आहे. हे कलम मी पाठ केलं होतं. त्यावर मला परीक्षेत पाचपैकी पाच मार्क होते.

घरी येऊन हे सगळं सौ.ना सांगितलं. वाटलं, हसतील. त्या भाकरी थापत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला कुणी साईड विचारली नव्हती. कॉलेज स्टँडपासून जवळ होतं आणि आर्ट्सची फी कमी होती. बाबा म्हणाले, स्थळ येईपर्यंत जात जा. सेकंड इयरला मला इतिहासात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, हे माझ्या घरीसुद्धा कुणाला माहीत नाही." भाकरी तव्यावर टाकून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हालाही नव्हतं."

नव्हतंच. वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या मार्कशीटचा उपयोग मी एकदा रेशनकार्डाच्या कामी केला होता, तोही नावाच्या स्पेलिंगसाठी.

"ती स्वतःहून मागते आहे," त्या म्हणाल्या. "मागू द्या."

आईने मात्र बरेच दिवस आढेवेढे घेतले. शेवटी तिने स्वतःपुरता तोडगा काढला. आता पाहुण्यांना ती सांगते, "नात आर्टले हाय. पन मार्क सायन्सचे होते जी."

फीच्या चलनावर रक्कम भरायला मी बसलो. आकड्यात 785 झटक्यात लिहून टाकले. खाली 'अक्षरी रुपये' अशी ओळ होती. मी 'सातशे' लिहिलं, थोडा थांबलो, आणि लिहिलं 'पंच्चाऐंशी'. कन्या खांद्यावरून पाहत होती.

"बाबा, पंच्या. आधी प वर अनुस्वार, मग च ला य."

मी खोडून नीट लिहिलं, खाली सही केली आणि चलन तिच्याकडे दिलं. तिने ते पाहून परत माझ्यासमोर ठेवलं.

"आता काय राहिलं?"

"पुढे 'फक्त' कोण लिहिणार?"

वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने पेन पुन्हा उघडलं.