एकाच दोरीला बांधलेले चौघे

झेरमाटच्या स्टेशनबाहेर आल्यावर सर्वांत आधी जाणवते ती शांतता. स्वित्झर्लंडच्या दक्षिण सीमेजवळ, सुमारे 1600 मीटर उंचीवर वसलेल्या या गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना बंदी आहे. मोटार पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावी ठेवायची आणि रेल्वेने वर यायचे. गावात धावतात त्या विजेवरच्या छोट्या गाड्या. मान वर केली की मॅटरहॉर्न दिसतो. 4478 मीटर उंचीचा, एकटा उभा असलेला, टोकदार. पाहणाऱ्याच्या तोंडून आपोआप सुब्हानअल्लाह निघते.

मात्र आम्हाला मॅटरहॉर्नवर जायचे नव्हते. ते कसलेल्या गिर्यारोहकांचे काम. आम्ही आलो होतो त्याच्या शेजारच्या ब्राइटहॉर्नसाठी. आमचा भाचा झुरिकला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघा नवरा-बायकोने अर्जित रजा काढून गुलमर्गला दोन आठवडे स्कीचे प्रशिक्षण घेतले, तेव्हापासून त्याचा फोनवर एकच धोशा असे, "मामू, मामी, शिकलेले गुलमर्गलाच ठेवून आलात का? इकडे या." यंदा मे महिन्याच्या सुट्टीत योग आला.

स्की म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उतारावरून भरधाव घसरणारी माणसे येतात. ती वर जातात केबल कारने. स्की टूरमध्ये मात्र स्की पायात घालूनच डोंगर चढायचा असतो. हे कसे जमते, याचे आम्हालाही कोडे होते. युक्ती साधी आहे. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. मखमलीवर एका दिशेने हात फिरवला तर तो सहज सरकतो, उलट फिरवला तर अडतो. ही पट्टी तशीच. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉनच्या किंवा मोहेर लोकरीच्या असतात. चढताना बुटाची टाच मोकळी ठेवतात, त्यामुळे चालल्यासारखे पाऊल उचलता येते. उतरताना पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि घसरत यायचे.

ब्राइटहॉर्नची उंची 4164 मीटर. 1813 साली हेन्री मेनार्ड आणि त्याचे वाटाडे प्रथम या शिखरावर पोहोचले. आल्प्समधल्या चार हजार मीटरवरच्या शिखरांत हे सर्वांत सोप्या शिखरांपैकी एक मानले जाते, कारण क्लाइन मॅटरहॉर्नपर्यंत केबल कार जाते. तिथला माथा 3883 मीटरवर आहे. पुढची चढाई साडेतीनशे-चारशे मीटरची, नेहमीच्या चालीने सुमारे दोन तासांची. स्कीवर बेताचा ताबा असलेल्या नवख्यालाही गाईडबरोबर ती जमू शकते.

पण या 'सोप्या'त एक फसगत आहे. केबल कार माणसाला तासाभरात दोन हजार मीटरहून अधिक वर नेऊन सोडते. शरीर मात्र इतक्या लवकर वर पोहोचत नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. दुसरी गोष्ट, वाट हिमनदीवरून जाते. वरून सपाट पांढरे मैदान दिसते, पण खाली खोल भेगा असतात आणि ताज्या बर्फाने त्यांची तोंडे झाकलेली असतात. म्हणून तिथे सगळ्यांनी एका दोरीला बांधून चालायचे असते. एखादा भेगेत गेला तर बाकीच्यांनी त्याला पेलायचे.

पहिल्या दिवशी फजरची नमाज हॉटेलात अदा करून निघालो. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. इथे तो आग्नेयेला. वर पोहोचल्यावर खडकात खोदलेल्या बोगद्यातून चालत बर्फावर आलो. गाईड पन्नाशीचा, मोजके बोलणारा होता. त्याने प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा तपासला. हिमस्खलनात कुणी गाडला गेला तर शोधता यावे म्हणून छातीशी बांधलेले यंत्र चालू आहे का, ते पाहिले. मग दोरी बांधली. पुढे गाईड, मागे आम्ही दोघे, शेवटी भाचा. दोन माणसांत दहा-बारा पावलांचे अंतर.

थोडे उतरून आम्ही पठारावर आलो आणि चालू लागलो. स्कीचा सर्र सर्र आवाज आणि आपलाच श्वास, एवढेच ऐकू येत होते. अर्ध्या तासाने गाईडने मागे वळून विचारले, "कसे वाटते आहे?"

"ठीक," आम्ही दोघेही एकदमच म्हणालो.

ते खरे नव्हते. दोघांचीही डोकी दुखत होती. त्यातल्या एकाला मळमळतही होते. एकमेकांची हौस मोडू नये आणि भाच्याने केलेला खर्च वाया जाऊ नये, म्हणून दोघांनीही ते एकमेकांपासून लपवले. दुसऱ्या वेळीही "ठीक"च म्हणालो. तिसऱ्यांदा गाईडने विचारलेच नाही. आमची पावले वाकडी पडू लागली होती, दोरी कधी ताणत होती तर कधी बर्फावर लोळत होती. तो थांबला, जवळ आला आणि आमच्या डोळ्यांत पाहिले. मग शिखराकडे पाठ फिरवून म्हणाला, "आज परत."

समोर शेवटचा चढ दिसत होता. भाचा काहीच बोलला नाही. परतताना गाईडने एवढेच सांगितले, "डोके दुखणे ही चूक नाही. दोरीला बांधलेले असताना ते न सांगणे ही चूक आहे. तुम्ही पडला असता तर चौघेही पडलो असतो."

गावात उतरेपर्यंत डोकेदुखी ओसरली. लाज मात्र ओसरली नाही. वर्गात आम्ही रोज मुलांना सांगतो, समजले नाही तर हात वर करा. "समजलं, सर" म्हणून मान डोलावणारे मूल आम्ही लगेच ओळखतो आणि रागावतोही. तीच मान आम्ही त्या बर्फावर दोनदा डोलावली होती.

दुसरा दिवस शरीराला उंचीची सवय होण्यासाठी ठेवला. 1898 पासून धावणाऱ्या दातेरी रुळांच्या रेल्वेने गोर्नरग्राटला गेलो. 3089 मीटरवर दोन-तीन तास नुसते बसून राहिलो आणि भरपूर पाणी प्यायलो. संध्याकाळी गावातले मॅटरहॉर्न संग्रहालय पाहिले. तिथे काचेच्या पेटीत एका तुटलेल्या दोरीचा तुकडा ठेवला आहे. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिम्पर आणि त्याचे सोबती, असे सातजण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर प्रथमच पोहोचले. उतरताना त्यांतला सर्वांत नवखा, एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो घसरला. त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले. मधली दोरी तुटली. चौघे गेले, तिघे वाचले. हॅडो थकला होता का, त्याने तसे कुणाला सांगितले होते का, कोण जाणे. आपल्या पायजम्याच्या नाडीपेक्षा थोडीच जाड अशी ती दोरी पाहताना आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. मग बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांना कबूल केले, "काल माझे डोके दुखत होते." "माझेही."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच बोगदा, तीच दोरी. या वेळी दोरी बांधण्याआधीच आम्ही गाईडला सांगितले, "आज आम्ही हळू चालणार, आणि जरा जरी काही झाले तरी सांगणार." तो प्रथमच हसला. त्याने चाल इतकी संथ ठेवली की मागून आलेली दोन टोळकी आम्हाला ओलांडून गेली. दोरीचा नियमच असा आहे. जो सर्वांत हळू, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी स्की काढून बर्फात रोवल्या. बुटांना पोलादी काटे बांधले, हातात बर्फकुऱ्हाड घेतली आणि नागमोडी वाटेने चढू लागलो. वीस पावले, थांबा. वीस पावले, थांबा. अर्ध्यावर एकदा "थांबू या" असा आवाज दिला. गाईड मुकाट्याने थांबला. चहाचा घोट आणि दोन खजूर पोटात गेले, डोके हलके होते, पुढे निघालो.

आणि मग वर चढच उरला नाही. अल्हम्दुलिल्लाह! पश्चिमेला मॅटरहॉर्न, त्याच्याही पलीकडे दूरवर माँ ब्लाँ, पूर्वेला मोंते रोझा, दक्षिणेला इटलीच्या दऱ्या. माथा अरुंद होता आणि उत्तरेकडे वाऱ्याने साचलेले बर्फाचे छज्जे कड्याबाहेर लोंबत होते. तिकडे पाऊल टाकायचे नाही, अशी गाईडची ताकीद होती. सजदा करण्याइतकी जागा नव्हती. कॅस्टर आणि पोलक्स ही जुळी शिखरे दिसत होती, साधारण तिकडेच किब्ला होता. तिकडे तोंड करून, दोरीला बांधलेल्या स्थितीतच, आम्ही तिघांनी दुआसाठी हात उचलले. गाईडने टोपी काढली आणि आमचे होईपर्यंत शांत उभा राहिला.

खाली पाहिले तर हिमनदी अढळ वाटत होती. ती तशी नाही. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला सुमारे 10 टक्के बर्फ गमावला. अल्लाहने माणसाच्या हाती सोपवलेली ही अमानत आपण कशी सांभाळतो आहोत, हा प्रश्न त्या उंचीवर टाळता येत नाही.

उतरताना पठारावरून स्कीने घसरत आलो. दोनदा पडलो, दोन्ही वेळा हसलो. जोहरची नमाज गावात पोहोचून अदा केली.

तिकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी थोडे. आदल्या दोन-तीन रात्री झेरमाटला काढाव्यात. झुरिकहून येऊन लगेच शिखराला जाऊ नये. गाईडशिवाय हिमनदीवर पाऊल टाकू नये. बर्फावरून परतणारे ऊन फार प्रखर असते, तेव्हा काळा चष्मा आणि मलम विसरू नये. खाण्याच्या बाबतीत, चीजच्या फाँड्यूमध्ये बहुधा पांढरी दारू घातलेली असते. बटाट्याची रोस्टी चांगली लागते, पण तिच्यात डुकराचे मांस नाही ना, हे आधी विचारावे. मे महिन्यात तिथे मगरिब रात्री नऊच्या सुमारास होते. त्या हिशेबाने झोपेचे वेळापत्रक ठरवावे.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच तासाला मुलांना ब्राइटहॉर्नची गोष्ट सांगितली. शिखराची कमी आणि परत फिरल्याची जास्त. गोष्ट संपल्यावर विचारले, "समजली?" सगळ्यांच्या माना हलल्या. फक्त मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, तुम्ही खोटं का बोललात?"

तिला जवळ बोलावले आणि खरे उत्तर दिले.