आधी सांधा, मग वजन

ट्रायल्स स्पर्धेतल्या सायकलला सीट नसते. स्वार पूर्ण वेळ दोन पेडलांवर उभा असतो आणि तसाच, ब्रेक दाबून, मागच्या चाकावर टुणटुण उड्या घेत एका खडकावरून दुसऱ्यावर जातो. पाय जमिनीला लागला की दंड. सत्तरच्या दशकात कॅटलोनियात, मोंतेसा मोटरसायकलींशी जोडलेल्या पेरे पी यांनी ही मोटरसायकलवरची कसरत मुलाला, ओतला, सायकलवर शिकवली. तिथून खेळ रुजला आणि ओत पुढे जगज्जेता झाला.

प्रत्येक उडीत आठ-नऊ किलोची सायकल उचलायची, म्हणून हलक्या क्रँकचा, म्हणजे पेडल धरणाऱ्या दांड्याचा, मोह साहजिक आहे. मुरलेला स्वार मात्र ग्रॅमचा आकडा सर्वांत शेवटी वाचतो.

त्याचं कारण साध्या हिशोबात आहे. ७० किलोचा माणूस १७५ मिलिमीटरच्या आडव्या क्रँकवर एका पायाने उभा राहिला आणि पुढचं दातेरी चाक १८ दात्यांचं असलं, तर त्या चाकाची त्रिज्या जेमतेम ३६ मिलिमीटर भरते. साखळीवर सुमारे ३३५ किलोचा ताण येतो, तोही नुसतं उभं राहून. उडी संपून चाक आपटतं तेव्हाचा हिशोब वेगळाच.

हा भार क्रँकमधून एक्सलमध्ये उतरतो, आणि खरी परीक्षा तिथल्या सांध्याची असते. दात्यांचं चाक उजव्या क्रँकवर असतं. डाव्या पायाचा जोर तिथवर पोचायला एक्सल आणि दोन्ही सांधे ओलांडतो. म्हणून डावा पाय पुढे ठेवणाऱ्याने सांध्याची काळजी जास्त घ्यायची. आपल्याकडच्या जुन्या सायकलींतली कॉटर पिन अशा माराखाली लगेच ढिली पडेल. चौकोनी निमुळत्या एक्सलवर बसवलेल्या अॅल्युमिनियम क्रँकचं भोक झिजून मोठं होतं, कधी कोपऱ्यातून चिरतं. ‘आयसिस’ पद्धतीच्या पोकळ एक्सलला दहा खाचा असतात. भार वाटला जातो, म्हणून ट्रायल्समध्ये ती पद्धत रुजली.

फ्रीचीही (फ्रीव्हीलची) गोष्ट निराळी. रोजच्या सायकलची फ्री मागच्या चाकाला असते, इथे ती आट्यांनी क्रँकवरच बसते. क्रँकच्या एका फेऱ्यात ७२ ठिकाणी पकडणारी फ्री असली, तर पेडल जोर धरण्याआधी ५ अंश, म्हणजे १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर जवळपास १५ मिलिमीटर, रिकामं फिरू शकतं. १०८ ठिकाणी पकडणारीत हे अंतर १० मिलिमीटरवर येतं. कड्यावर तोल सावरणाऱ्याला हे पाच मिलिमीटर पन्नास ग्रॅमपेक्षा मोलाचे.

धातूचा विचार त्यानंतर. ७०७५ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू ६०६१ पेक्षा बराच मजबूत. घडाई करून आकार दिला की धातूचे तंतू क्रँकच्या लांबीला धरून राहतात. पण अॅल्युमिनियमला थकवा येतो: भार मर्यादेत असला तरी हजारो धक्क्यांनंतर तडा जाऊ शकतो. तो बहुधा पेडलच्या भोकाशी किंवा एक्सलच्या सांध्याशी सुरू होतो. खडकावर घासून पडलेला ओरखडा तड्याला आयतं निमित्त देतो. म्हणून हलकेपणा हवा असेल तर धातू दांड्याच्या मधून कोरून काढलेला असावा. दोन टोकांना तो भरपूर ठेवलेला असावा.

२००९ मध्ये एडिंबरात लोखंडी कुंपणाच्या टोकांवरून २४ इंची सायकल नेणाऱ्या डॅनी मॅकअॅस्किलच्या व्हिडिओने शहरी ट्रायल्स जगभर पोचलं. पण क्रँक प्रत्येकाने आपल्यापुरता निवडायचा: शहरातल्या भिंतींवरून उतरणारा ८५ किलोचा स्वार जाड, शंभर ग्रॅम जड क्रँक घेतो. २० इंची चाकांवर स्पर्धा खेळणारी ५० किलोची मुलगी १६० मिलिमीटरचे कोरलेले क्रँक घेते, दर महिन्याला पेडल काढून भोकाभोवती नख फिरवून पाहते, आणि केसाएवढी रेघ लागली की नवी जोडी मागवते.