प्रिंटर सगळ्यांचा, मग वायर एकाच्याच खोलीत का?

मैत्रिणींनो, कचेऱ्यांतून काढून टाकलेले लेसर प्रिंटर हल्ली स्वस्तात मिळतात. दिसायला बोजड, पण कामाला दणकट! आमच्याकडे असाच एचपीचा लेसरजेट पी २०५५ डीएन आहे. ‘यात वायफाय नाही, घरी काय उपयोग?’ असं जो तो म्हणाला, म्हणून मुलाच्या काँप्युटरला यूएसबी वायरनं जोडून ठेवला.

खरी मेख तिथंच होती. प्रिंटर सगळ्यांचा, पण चालायचा मुलाचा काँप्युटर चालू असेल तेव्हाच. मी घरी दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. ‘अरे, प्रश्नपत्रिका काढून देतोस का?’ आणि ‘थांब गं आई, मग देतो,’ हे रोजचंच. तो ‘मग’ रात्री साडेदहाला उजाडायचा! आपल्याच कामासाठी आपल्याच घरात किती विनवण्या करायच्या?

मग एकदा यंत्राची पाठ नीट न्याहाळली. यूएसबीच्या शेजारी टेलिफोनच्या पिनेसारखी, पण जरा रुंद अशी एक खाच होती. ती नेटवर्क केबलची. नावातला ‘एन’ तिचाच. ‘डी’ म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई. केबलचं एक टोक तिथं आणि दुसरं राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत घातलं. प्रिंटरला वायफाय नसेना का, राउटरला असतं ना! घरातले सगळे काँप्युटर त्याच्यामार्फत प्रिंटरपर्यंत पोचतात.

आता महत्त्वाचं. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. यंत्रावरच्या बटणानं किंवा मेन्यूतून माहितीचा कागद छापता येतो, त्यावर तो असतो. काँप्युटरमध्ये ‘नवा प्रिंटर जोडा’ म्हणून हाच पत्ता घालायचा. पण धर्मशाळेतल्या खोलीसारखा तो बदलू शकतो. मग छपाई अडते आणि दोष बिचाऱ्या यंत्राला! म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पत्ता प्रिंटरच्या नावे कायमचा राखून ठेवावा. त्यासाठी लागणारा मॅक क्रमांकही त्याच कागदावर असतो.

दोन गोष्टी सांभाळा. लेसर प्रिंटर टोनरची पूड तापवून कागदावर चिकटवतो. तापताना तो एकदम खूप वीज ओढतो, म्हणून यूपीएसवर न लावता भिंतीतल्या प्लगलाच लावा. आणि मोबाइलवरून थेट छपाई जुन्या यंत्रांना जमतेच असं नाही; काँप्युटरवरून मात्र बिनधास्त करा.

सगळ्याच यंत्रांना अशी खाच नसते. लेसरजेट १०२० ला नुसती यूएसबीच आहे. असा प्रिंटर निदान बैठकीतल्या, सगळ्यांच्या हाताशी असलेल्या काँप्युटरला जोडा आणि तिथून इतरांसाठी ‘शेअर’ करा. मात्र तो काँप्युटर चालू हवा.

आता कुकर चढवून मी प्रश्नपत्रिका काढते, शिट्ट्या होईपर्यंत वीस कागद हातात! सासूबाईंना हरिपाठ मोठ्या अक्षरांत काढून दिला, तर त्या म्हणाल्या, ‘आता चष्मा शोधायला नको.’

तेव्हा जुना प्रिंटर भंगारात देण्याआधी त्याची पाठ एकदा जरूर बघा. आणि ते काम मुलावर सोपवू नका हं, स्वतःच करा!